परदेशातील इंग्रजी शिक्षकाची नोकरी : आलेला प्रस्ताव खरा की खोटा?

परदेशी नोकरीची ओढ आपल्या लोकांना नवी नाही. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर कोणी बोटीवर, कोणी आखातात, तर कोणी युरोपात गेलेला नाही, असे गाव शोधूनही सापडणे कठीण. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि बी.ए., एम.ए. किंवा बी.एड. झालेल्या युवक-युवतींसमोर आता आणखी एक वाट खुली झाली आहे. ती म्हणजे परदेशी शाळांत इंग्रजी शिकवण्याची. चीन, जपान, दक्षिण कोरिया, थायलंड, व्हिएतनाम आणि आखाती देशांत इंग्रजीच्या शिक्षकांना मागणी आहे, ही गोष्ट खरी आहे. मात्र जिथे खरी मागणी असते तिथेच खोट्या मालालाही गिऱ्हाईक मिळते. आईचे दागिने गहाण ठेवून किंवा वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून एजंटाचे पैसे भरले जातात आणि मग कळते की, ती शाळा अस्तित्वातच नव्हती. कधी याहूनही भयंकर प्रसंग ओढवतो.

म्हणून असा प्रस्ताव हाती आल्यावर तो कोणत्या कसोट्यांवर घासून पाहावा, याची माहिती उमेदवारांना आणि त्यांच्या पालकांना असणे अगत्याचे आहे.

फसवणुकीचे तीन प्रकार

‘बनावट नोकरी’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांचे धोके निराळे आहेत आणि त्या ओळखण्याच्या खुणाही निराळ्या आहेत.

पहिल्या प्रकारात नोकरी मुळी नसतेच. एखाद्या नामवंत शाळेचे बोधचिन्ह चोरून लेटरहेड तयार केले जाते, नियुक्तीपत्र धाडले जाते आणि नंतर ‘व्हिसा प्रक्रिया’, ‘वकिलाची फी’, ‘विमा’, ‘परत मिळणारी अनामत’ अशा नावांखाली एकामागून एक रकमा मागितल्या जातात. प्रत्येक रक्कम शेवटची आहे, असे सांगितले जाते. उमेदवार विमानतळापर्यंतही पोहोचत नाही. यात नुकसान होते ते पैशाचे.

दुसऱ्या प्रकारात शाळा खरी असते, वर्ग खरे असतात, पगारही कदाचित मिळतो. पण उमेदवाराला पर्यटक किंवा व्यापारी व्हिसावर बोलावलेले असते. त्या देशाच्या कायद्याने तो बेकायदेशीर कामगार ठरतो. पगार थकला तरी तक्रार करता येत नाही. पोलीस तपासणीला आले, तर दंड, अटक आणि हकालपट्टी होते ती शिक्षकाची. हा प्रकार सर्वांत कमी ओळखला जातो, कारण चौकशी केल्यावर शाळा खरीच निघते आणि घरचे निश्चिंत होतात.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. त्यात नोकरी हे केवळ आमिष असते आणि माणसालाच पळवून नेले जाते. म्यानमार आणि कंबोडियातील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर असे हजारो लोक डांबले गेले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा कामात जबरदस्तीने अडकवले गेले असावेत, असा अंदाज दिला आहे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२मध्येच याबाबत इशारा दिला होता. थायलंडमध्ये आकर्षक नोकरी असल्याचे सांगून भारतीय तरुणांना बेकायदेशीरपणे सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेले जात होते. मार्च २०२५मध्ये वायुसेनेच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमधील माए सोत येथून मायदेशी आणले.

या टोळ्यांच्या जाहिराती बहुधा डिजिटल मार्केटिंग, संगणक किंवा ग्राहकसेवेच्या असतात. तरीही शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी सावध राहावे, कारण या अड्ड्यांना हवा असतो तो इंग्रजी उत्तम लिहिणारा-बोलणारा पदवीधर. तिकडे नेल्यावर त्याला वर्गात उभे करत नाहीत. दूरदेशीच्या अनोळखी माणसांना इंग्रजीत गोड संदेश धाडून लुबाडण्याच्या कामाला जुंपतात.

पहिली कसोटी : माझ्या पासपोर्टवर ही नोकरी शक्य आहे का?

बहुतेक उमेदवार प्रथम शाळेचे नाव आणि पगार पाहतात. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा की, भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीला या देशात इंग्रजी शिकवण्याचा परवाना कायद्याने मिळतो का आणि तो कोणत्या कागदावर मिळतो? शाळेचे छायाचित्र, सही, शिक्का यांची नक्कल करता येते. सरकारी प्रक्रियेतील क्रम मात्र फसवणाऱ्याला बदलता येत नाही. म्हणून तो क्रम माहीत असणे, हेच मोठे संरक्षण आहे.

दक्षिण कोरिया : परदेशी भाषाशिक्षकांसाठी ई-२ हा व्हिसा आहे. इंग्रजीसाठी तो सर्वसाधारणपणे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१०पासून अमलात आला. त्याद्वारे भारतीयांसाठी एक अरुंद दार उघडले. पदवी आणि इंग्रजीच्या अध्यापनाची अधिकृत अर्हता असलेल्या भारतीयाला तेथील शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक होता येते. ‘हागवोन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी शिकवण्यांना हे दार लागू नाही. त्यामुळे ‘बी.कॉम. चालेल, अनुभव नको, सेऊलच्या खासगी क्लासमध्ये ताबडतोब नेमणूक’ असा प्रस्ताव भारतीय उमेदवाराला आला, तर तो पहिल्याच पायरीवर गळून पडतो.

जपान : येथे राष्ट्रीयत्वाची अशी अट नाही, पण शाळांत शिकवण्यासाठी लागणाऱ्या ‘प्रशिक्षक’ दर्जासाठी एक अट लक्षात ठेवावी. जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना ते सिद्ध करता येते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना अडचण येते. खासगी भाषावर्गांसाठी निराळा दर्जा आहे आणि त्याला पदवी लागते. दोन्ही बाबतींत संस्था स्वतः जपानच्या इमिग्रेशन कार्यालयाकडून ‘पात्रता प्रमाणपत्र’ मिळवते. ते साधारणपणे तीन महिने वैध असते आणि त्याच्या आधारे उमेदवार येथील जपानी वकिलातीच्या व्यवस्थेतून व्हिसा घेतो. ‘आधी पर्यटक म्हणून या, प्रमाणपत्राचे नंतर पाहू’ असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबावे.

चीन : कायदेशीर वाट एकच आहे. संस्थेने स्थानिक सरकारकडून ‘परदेशी व्यक्तीच्या कार्यपरवान्याचे सूचनापत्र’ मिळवायचे, त्यावर उमेदवाराने भारतात झेड व्हिसा घ्यायचा आणि चीनमध्ये उतरल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. पर्यटकांचा एल, व्यापाऱ्यांचा एम किंवा विद्यार्थ्यांचा एक्स व्हिसा शिकवण्यासाठी चालत नाही. चीनच्या नियमानुसार भाषाशिक्षकाने तत्त्वतः स्वतःची मातृभाषा शिकवावी, अशी अपेक्षा असते. म्हणून भारतीयांचे अर्ज तेथे सहज मंजूर होत नाहीत. नेमक्या याच अडचणीचा फायदा घेऊन ‘तुमचा पासपोर्ट चालत नाही, पण एम व्हिसावर या, सगळेच येतात’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. चीनमध्ये बेकायदेशीर काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो आणि गंभीर प्रकरणी ५ ते १५ दिवसांची कैदही होते. शिवाय जुलै २०२१मध्ये तेथील सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कठोर निर्बंध आणले. त्याआधीची माहिती सांगून ‘चीनमध्ये क्लासेसना हजारो शिक्षक हवेत’ असे भासवणारी जाहिरात शिळी समजावी.

थायलंड : येथे नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, श्रम खात्याचा कार्यपरवाना आणि शालेय शिक्षकांसाठी थायलंडच्या शिक्षक परिषदेची अनुमती, असे तीन टप्पे आहेत. पर्यटकांना मिळणारी व्हिसाची सवलत नोकरीसाठी नसते. परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीस ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि हकालपट्टी, अशी शिक्षा आहे. कामाचे गाव नकाशावर अवश्य पाहावे. बँकॉकच्या शाळेत नेमणूक आहे असे सांगून विमानतळावरून गाडीने वायव्येकडे सुमारे ५०० किलोमीटरवरील माए सोतच्या दिशेने नेत असतील, तर ती वाट म्यानमारच्या सीमेकडे जाते.

संयुक्त अरब अमिराती : येथे मनुष्यबळ मंत्रालयाच्या विहित नमुन्यातील प्रस्तावपत्रावर आधी सही होते आणि पुढील करार त्याच्याशी जुळावा लागतो. भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही. दुबईतील खासगी शाळांतील शिक्षकांना तेथील शिक्षण प्राधिकरणाची मान्यता लागते. पदवीचे प्रमाणपत्र भारतातून आणि अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित झालेले असावे लागते. या देशाच्या २०२१च्या श्रम कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष घेण्यास मनाई आहे.

इंग्लंड : बनावट नियुक्तीपत्रांत लंडनच्या शाळांची नावे फार वापरली जातात. भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना १ फेब्रुवारी २०२३पासून इंग्लंडमधील शिक्षक-अर्हतेसाठी अर्ज करता येतो, पण तो ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजी विषय त्यात नाही. ज्या संस्थेला परदेशातून माणूस बोलवायचा आहे तिचे नाव ब्रिटिश गृहखात्याच्या परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत असावेच लागते आणि ही यादी कोणालाही विनामूल्य पाहता येते. आणखी एक खूण : तेथील ‘प्रायोजकत्व प्रमाणपत्र’ ही संगणकातील नोंद असते, उमेदवाराला तिचा क्रमांक कळवला जातो. सोनेरी किनार आणि लाल मोहोर असलेला छापील कागद हे प्रमाणपत्र म्हणून आला, तर तो जितका देखणा, तितका संशयास्पद.

दुसरी कसोटी : संस्था खरी आहे का आणि पत्र तिनेच पाठवले आहे का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुष्कळदा संस्था खरी असते आणि पत्र खोटे असते. म्हणून पत्रात दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर फोन करून ‘होय, आम्हीच पाठवले’ असे उत्तर मिळवण्याला काही अर्थ नाही. संस्थेचा पत्ता आणि क्रमांक स्वतंत्रपणे शोधून तिथे चौकशी करावी.

ई-मेलचा पत्ता बारकाईने पाहावा. मोठी शाळा मोफत ई-मेल सेवेवरून नियुक्तीपत्र पाठवीत नाही. संस्थेच्या नावात एखादे अक्षर बदलून किंवा आडवी रेघ घालून फसवे पत्ते तयार केले जातात. संकेतस्थळाचे डोमेन कधी नोंदवले, हे पाहण्याची मोफत सोय इंटरनेटवर आहे. शाळा पन्नास वर्षांची जुनी म्हणवते आणि संकेतस्थळ दोन महिन्यांपूर्वीचे, हा विरोधाभास पुरेसा बोलका असतो.

नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा. चीनमधील प्रत्येक संस्थेला अठरा अंकी-अक्षरी सामाजिक पत संकेतांक असतो, जपानमधील कंपनीला तेरा अंकी क्रमांक असतो आणि दोन्हींची सार्वजनिक नोंद तपासता येते. खरी संस्था हा क्रमांक सहज देते. खोटी संस्था उत्तराऐवजी ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रतिप्रश्न करते.

सध्या तिथे शिकवत असलेल्या परदेशी शिक्षकाशी, शक्यतो भारतीय शिक्षकाशी, बोलण्याची विनंती करावी. त्याला सर्व काही छान आहे का, असे मोघम विचारू नये. तुम्ही कोणत्या व्हिसावर आलात, आल्यावर किती दिवसांत परवाना मिळाला, मागील महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, असे नेमके प्रश्न विचारावेत. शिकवून पाठ केलेली उत्तरे अशा प्रश्नांपुढे टिकत नाहीत.

तिसरी कसोटी : पैसा कोणाच्या हातात जातो?

परदेशी जाताना उमेदवाराला काहीच खर्च येत नाही, असे नाही. पासपोर्ट, पोलीस चारित्र्य दाखला, पदवीचे साक्षांकन, वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाचे शुल्क हे खर्च रास्त आहेत. पण हे सर्व खर्च ठरावीक कार्यालयात, ठरावीक दराने आणि पावती घेऊन होतात. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या चारित्र्य दाखल्याचे शुल्क ५०० रुपये आहे. राज्य पातळीवरील साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालय जे ‘अपॉस्टिल’ प्रमाणन करते, त्याचे सरकारी शुल्क प्रत्येक कागदास ५० रुपये आहे; सेवा केंद्राचा आकार त्यावर थोडा वाढतो. भारतात अपॉस्टिल पद्धत जुलै २००५पासून अमलात आहे. चीननेही ७ नोव्हेंबर २०२३पासून ती स्वीकारली आहे. हे दर ठाऊक असले की, ‘कागदपत्रांसाठी साठ हजार’ ही मागणी ऐकताच तिचे खरे स्वरूप ध्यानात येते.

यावरून एक सोपा नियम लक्षात ठेवावा : पैसे कार्यालयाला द्यावेत, माणसाला नव्हे. व्हिसाचे शुल्क वकिलातीला किंवा तिच्या अधिकृत केंद्राला भरले जाते. ते कोणा व्यक्तीच्या खासगी बँक खात्यात कधीच जात नाही. परदेशी पैसे पाठवण्याच्या सेवेने, गिफ्ट कार्डाने किंवा क्रिप्टो चलनाने शुल्क मागणारी शाळा जगात कुठेही नाही.

प्रशिक्षणाच्या नावाखालीही पैसे उकळले जातात. परदेशी भाषकांना इंग्रजी शिकवण्याचे १२० तासांचे प्रमाणपत्र पुष्कळ ठिकाणी मागतात. केंब्रिजचा ‘सेल्टा’ आणि ट्रिनिटीचा ‘सर्ट-टेसॉल’ हे त्यांतील प्रतिष्ठित अभ्यासक्रम असून त्यांत प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपुढे पाठ घ्यावे लागतात. पण ‘आमचाच ऑनलाइन कोर्स घ्या, म्हणजे नोकरीची हमी’ असे म्हणणारा बहुधा कोर्सच विकत असतो.

चौथी कसोटी : एजंट कोण आहे?

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करण्याचा व्यवसाय १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली येतो. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही तो करता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची राज्यवार यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. तिथे नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत तपासावी. अशा एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते आणि त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे.

इथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला उत्प्रवास मंजुरीची गरज नसते. त्यामुळे शिक्षकाचे करारपत्र कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून न जाता तो विमानात बसू शकतो. कमी शिकलेल्या कामगाराच्या कराराची आखातात जाण्यापूर्वी सरकारदरबारी तपासणी होते. पदवीधराची होत नाही. शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेईल, असे कायदा गृहीत धरतो. ही जबाबदारी ओळखून तपासणीचे काम आपणच केले पाहिजे. उमेदवाराला मंजुरी लागत नसली तरी एजंटाला परवाना लागतोच, हेही विसरू नये.

‘स्टडी अब्रॉड’ किंवा ‘व्हिसा सल्लागार’ अशी पाटी असलेले कार्यालय नोकरीसाठी भरती करू लागले, तर त्याच्याकडेही हा परवाना हवा. एजंट ओळखीचा आहे, नात्यातला आहे किंवा गावातील चौघांना त्याने पाठवले आहे, हे परवान्याला पर्याय ठरत नाही. उलट, फसलेला माणूस लाजेने गप्प राहतो आणि त्याच ओळखीच्या साखळीतून पुढची माणसे फसतात.

पाचवी कसोटी : मुलाखत, पगार आणि करारपत्र

जी संस्था तीस मुले आपल्या हाती सोपवणार, ती आपली पारख केल्याशिवाय राहत नाही. शिकवण्याचा नमुना पाठ घ्यायला लावणे, व्याकरणातील एखादी अडचण मुलांना कशी समजावाल असे विचारणे, पूर्वीच्या मुख्याध्यापकांशी बोलणे, हे सारे खऱ्या मुलाखतीत घडते. केवळ व्हॉट्सॲपवरील चार संदेशांनंतर ‘अभिनंदन, आपली निवड झाली’ असे पत्र आले आणि ‘४८ तासांत पैसे भरा, अन्यथा जागा दुसऱ्याला’ असा धाक घातला गेला, तर उत्तर स्पष्ट आहे.

पगारासाठी एक मोजपट्टी देता येईल. जपान सरकारच्या सहकार्याने १९८७पासून चालणाऱ्या ‘जेट’ या प्रतिष्ठित योजनेत २०२५पासून पहिल्या वर्षाचे वेतन सुमारे ४०.२ लाख येन, म्हणजे महिन्याला सुमारे ३.३५ लाख येन आहे. या योजनेत उमेदवाराकडून अर्जाचे शुल्क घेत नाहीत. जपानमधील एखादा अनोळखी क्लास अननुभवी शिक्षकाला याच्या तिप्पट पगार देऊ करतो, तेव्हा ‘का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

करारपत्रात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : नियोक्त्याचे पूर्ण नाव आणि कामाचे ठिकाण, आठवड्याचे तास आणि शाळेत हजर राहण्याचे एकूण तास, स्थानिक चलनातील पगार आणि तो देण्याची तारीख, घर की घरभाडे, विमानभाडे आगाऊ की मागाहून, वैद्यकीय विमा, रजा, नोटिशीची मुदत, आणि मध्येच सोडल्यास भरपाई. करार दोन भाषांत असेल, तर वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, हे पाहावे. बहुधा ती स्थानिक भाषेतील असते; म्हणून ती जाणकाराकडून वाचून घ्यावी. कोरिया आणि चीनमध्ये नोकरी बदलताना जुन्या संस्थेचे मुक्ततापत्र लागू शकते. त्याबाबतचे कलम सही करण्यापूर्वी समजून घ्यावे.

खऱ्या प्रस्तावातील संशयास्पद वाटणाऱ्या गोष्टी

अति सावधपणामुळे चांगली संधी हातची जाण्याचाही संभव असतो. पुढील गोष्टी दिसल्या म्हणून प्रस्ताव खोटा ठरत नाही.

पत्रातील इंग्रजी सदोष असणे : ज्या शाळेला इंग्रजीचा शिक्षक हवा आहे, तिच्या कार्यालयातील इंग्रजी कच्चे असणे स्वाभाविक आहे. उलट, खोटी पत्रे आता संगणकाच्या साहाय्याने निर्दोष इंग्रजीत लिहिली जातात.

पासपोर्टची आणि पदवीची प्रत मागणे : कार्यपरवान्याचा अर्ज संस्थाच करते, म्हणून तिला प्रती लागतात. मात्र प्रती मुलाखतीनंतर आणि संस्थेची खात्री पटल्यावर द्याव्यात. मूळ पासपोर्ट एजंटाकडे ठेवून घेण्याची मागणी वेगळी. पासपोर्ट ही १९६७च्या पासपोर्ट कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो तारण म्हणून ठेवून घेण्याचा अधिकार एजंटाला नाही.

विलंब होणे : सरकारी परवान्याला आठवडे, कधी महिने लागतात. विलंब हे पुष्कळदा खरेपणाचे लक्षण असते. घाई हे संशयाचे.

विमानभाडे स्वतः भरायला सांगणे : अनेक खऱ्या संस्था ते नंतर परत करतात. करारात तसे लिहिलेले असावे, एवढेच.

निघण्यापूर्वी

व्हिसा पासपोर्टवर किंवा अधिकृत ई-मेलने आल्यावर त्याचा प्रकार स्वतः वाचावा. करारात ‘शिक्षक’ आणि व्हिसावर ‘पर्यटक’ असे असेल, तर तिकीट काढले असले तरी निघू नये. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. करार, व्हिसा आणि संस्थेचा पत्ता यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. त्या देशातील भारतीय दूतावासाचा क्रमांक जवळ बाळगावा आणि पोहोचल्यावर तिथे नोंदणी करावी. विमानतळावर कोण घ्यायला येणार, त्याचे नाव आणि गाडीचा क्रमांक घरी कळवावा. संकट असल्याचे उघड न बोलता सुचवता येईल, असा एखादा साधा शब्द घरच्यांशी आधीच ठरवून ठेवावा. डांबलेल्या माणसाचे फोन इतरांच्या देखत होतात.

फसवणूक झाल्यास

पैसे गेल्याचे लक्षात येताच क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत विखुरण्यापूर्वी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते. संदेश, पावत्या, ध्वनिमुद्रण काहीही पुसून टाकू नये. स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणूक हा गुन्हा आहे आणि परवान्याविना भरती करणे हा उत्प्रवास कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. मुंबईतील उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे एजंटाविरुद्ध तक्रार करता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९० आहे. परदेशात अडकलेल्यांसाठी ‘मदद’ हे सरकारी संकेतस्थळ आहे; तिथे कुटुंबीयांनाही तक्रार नोंदवता येते.

थोडक्यात

होकार देण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

१. भारतीय नागरिकाला त्या देशात ही नोकरी कायद्याने मिळते का?
२. व्हिसाचा नेमका प्रकार कोणता आणि त्यासाठी संस्थेने कोणता सरकारी कागद मिळवला आहे?
३. संस्थेची नोंदणी मी स्वतः तपासली का?
४. पत्रातील क्रमांक सोडून अन्य मार्गाने संस्थेशी बोललो का?
५. सध्याच्या एखाद्या शिक्षकाशी बोललो का?
६. एजंटाचे नाव ई-मायग्रेटच्या यादीत आहे का आणि परवाना मुदतीत आहे का?
७. मागितलेली प्रत्येक रक्कम कोणत्या कार्यालयाला, किती आणि कोणत्या पावतीवर जाते?
८. करारपत्र पूर्ण वाचले का, स्थानिक भाषेतील प्रतीसह?
९. कामाचे गाव नकाशावर पाहिले का?
१०. माझी सर्व माहिती घरी कोणाजवळ आहे का?

या दहांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर उरलेल्या नऊ प्रश्नांची उत्तरे कितीही समाधानकारक असली तरी थांबावे. खरी शाळा आपल्यासाठी आणखी एक महिना थांबते. जी थांबायला तयार नसते, तिला शिक्षकाची गरज नसून आणखी कशाची तरी आहे, हे पालकांनी आणि उमेदवारांनी नीट ओळखावे.